भांडवल सर

पोरांनी ठेवलेलं नाव वर्गातच राहिलं असतं तर चाललं असतं. ते मोंढ्यात गेलं आणि घोटाळा झाला.

एका सोमवारी सकाळी सातला सरांच्या दारात पालमकडचे एक गृहस्थ उभे. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल, काखेत कापडी पिशवी. सर तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले. गृहस्थ म्हणाले, "भांडवल सर तुम्हीच ना वो? शेळ्यायचं शेड टाकायचं हाय. दीडेक लाख लागायलेत. व्याज काय ते आधीच सांगा, मागून किटकिट नको." सरांनी चूळ भरली, पाहुण्याला आत घेतलं, चहा सांगितला आणि आर्थिक भांडवल वेगळं, सांस्कृतिक भांडवल वेगळं, हे पाऊण तास समजावून दिलं. घरातली पुस्तकं, बोलायची ढब, साहेबासमोर कसं बसायचं याची समज, हेही भांडवलच असतं, ते बापाकडून पोराकडं जातं आणि पासबुकात दिसत नाही, वगैरे. गृहस्थांनी बशी खाली ठेवली, पिशवी काखेत मारली आणि उठता उठता म्हणाले, "म्हंजे तुमच्यापाशी पैसे न्हाईत. सरळ म्हना की."

ही गोष्ट सर स्वतःच सांगत. सांगून झाली की चष्मा पुसत म्हणत, "बघा, यावर त्या फ्रेंच बोर्द्यूनं एवढा जाडजूड ग्रंथ लिहिला. याच्या एका वाक्यात आटोपलं."

समाजशास्त्र शिकवणाऱ्यांत एक प्रकार असतो, ज्याला समाजात नुसतं जाता येत नाही. लग्नाला गेला तरी त्याचं क्षेत्रकार्य, मातीला गेला तरी क्षेत्रकार्य. न्हाव्यासमोर मान वाकवून बसलेला असतानाही तो न्हावी गिऱ्हाइकाशी कोणत्या क्रमानं बोलतो ते मोजत असतो. भांडवल सर त्या प्रकारातले. खरं नाव सांगत नाही. कॉलेज कोणत्या तालुक्यात तेही सांगत नाही. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, ज्यांना ओळखायचे त्यांनी ओळखावेत.

सर मूळचे जिंतूरकडचे. एम.ए. औरंगाबादला, कारण नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९९४ साल उजाडायचं होतं. पुढं पुण्याला जायचं, तिथंच चिकटायचं, असा बेत होता. पुण्यात दोन वर्षं काढली. तिथं काय झालं असं विचारलं की सर आपल्याकडची म्हण सांगून मोकळे होत: "बनी तो बनी, नहीं तो परभनी." आणि लगेच म्हणीचं विश्लेषण सुरू. हिंदीत का, निजामाच्या राज्यातली का, म्हणणारा आतला की बाहेरचा. आपल्या दुखण्याला तळटीप जोडून टाकायची त्यांची ही जुनी सवय.

मी मराठीचा. आमची ओळख भिंतीनं करून दिली. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडचा पडदा होता आणि तो छताच्या चार फूट खालीच थांबला होता. त्या चार फुटांतून सर माझ्या वर्गात यायचे. माझी पोरं केशवसुतांवरच्या उत्तरात टायलरची संस्कृतीची व्याख्या लिहायची. पुढं आम्ही परभणीहून एकाच मोटरसायकलवर अपडाऊन करायला लागलो. गाडी माझी, पेट्रोल त्यांचं, मागं बसून बोलणं त्यांचं. हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू यायचं. तेवढ्यावर माझं समाजशास्त्र झालं.

'संस्कृतीचे समाजशास्त्र' हा एम.ए.चा पर्यायी पेपर. मुलं तो घ्यायची, कारण नावात संस्कृती असल्यामुळे सोपा असेल असं त्यांना वाटायचं. प्राचार्यांनाही तसंच वाटायचं. "तुम्ही संस्कृती शिकवता ना?" असं म्हणून त्यांनी सरांना सलग अठरा वर्षं स्नेहसंमेलनाचं सांस्कृतिक प्रमुख केलं. त्यामुळे संस्कृती-उद्योगावरच्या ॲडोर्नोच्या टीकेवर ज्यानं वर्षभर हाडं झिजवायची, त्यानंच डिसेंबरात स्पीकरवाल्याशी घासाघीस करायची, अकरावीच्या पोरींच्या लावणीला दोन नंबरला घ्यायचं की पाच नंबरला यावर भांडणं सोडवायची आणि पडद्यामागं टाचण्या पुरवायच्या. नॅकची कमिटी आली तेव्हा सरांनी त्यांच्या स्वागताच्या लेझीमपथकापुढं उभं राहून शिट्टी फुंकल्याचं मी पाहिलंय. शिट्टी खिशात टाकता टाकता माझ्या कानात म्हणाले, "गॉफमन. रंगमंचाची पुढची बाजू."

पहिला तास ठरलेला. फळ्यावर १६४ हा आकडा. १९५२ साली क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन विद्वानांनी संस्कृतीच्या व्याख्या गोळा केल्या, त्या इतक्या निघाल्या, हे सांगून सर पोरांना घरी पिटाळायचे: आजीला विचारा, संस्कृती म्हणजे काय, आणि ती म्हणेल तसं लिहून आणा. एकदा मानवतकडच्या एका पोरीनं उठून वाचलं: "आजी म्हणली, संस्कृती माझ्या नातीचं नाव हाय. आन् ती कुनाचंबी ऐकत न्हाई." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरचा चार पुसला आणि पाच केला.

पुढच्या आठवड्यात बोर्द्यू. नाव पोरांच्या जिभेवर बसायचं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, हे बोर्दू बोरीचे का?" बोरी जिंतूर तालुक्यात, सरांच्या गावाच्या अंगणातच. दुसरा कुणी असता तर त्यानं पोराला बाहेर काढलं असतं. सरांना प्रश्न आवडला. म्हणाले, "जवळजवळ. फ्रान्समधल्या बोरीचे." आणि सांगू लागले: पिअर बोर्द्यू १९३० साली नैऋत्य फ्रान्समध्ये, बेआर्न भागातल्या देंगँ नावाच्या खेड्यात जन्मला. घराणं बटईनं शेती करणाऱ्यांचं, बाप पुढं टपालखात्यात लागला. घरात आईबाप बोलायचे ती बोली शाळेत हास्यास्पद ठरायची. एवढं ऐकल्यावर बोर्द्यू कोण ते पोरांना कळलं. 'करायलो', 'जायलो' म्हटल्यावर पुण्यात कोण कसं बघतं, हे त्यांना पाठ होतं.

त्याच बोर्द्यूचा एक अभ्यास सर दरवर्षी शिकवायचे, आणि तो तास मी माझा वर्ग थांबवून ऐकायचो. पडद्यापलीकडून ऐकताना कुणाचे चेहरे दिसत नाहीत, हे एका अर्थी बरंच. १९५९-६०च्या सुमारास बोर्द्यू आपल्याच भागातल्या एका गावात परत गेला. नाताळचा नाच. मधे गावातल्या पोरी आणि शहरातून आलेली, कॉलर ताठ असलेली पोरं नाचतायत. आणि भिंतीकडेला, प्रकाश संपतो तिथं, गावातले शेतकरी उभे. तिशीतले, पस्तिशीतले. टोपी घातलेले, जुन्या कापाचा सूट, हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. ते नाचत नाहीत. नुसतं बघतात. शेताचा वारस थोरला, जमीन त्याच्या नावावर, म्हणजे जुन्या हिशेबानं गावातला सगळ्यांत चांगला नवरा मुलगा तोच. आणि आता नेमका त्यालाच पोरगी मिळेना. पोरींना गावात राहायचं नव्हतं. शेतात राबून त्याचं अंग जसं घडलं, तीच चाल, तेच खांदे, आता पोरींच्या डोळ्यात खुपत होते. १९६२ साली बोर्द्यूनं हे छापलं.

सर हे सांगत असताना आवाज चढवायचे नाहीत. नांगरट चालू असताना बांधावर उभं राहून बोलावं तसं बोलायचे. एका वर्षी वर्गात अकरा पोरं होती. सहा एकर, आठ एकर, थोडं ओलिताखाली, कॅनॉलचं पाणी आलं तर आलं. कुणाचा थोरला भाऊ चौतिशीचा, दर उन्हाळ्यात नवी पँट शिवून स्थळं बघणारा; कुणी स्वतःच. पडदा असूनही मला कळलं, पलीकडं पंख्याच्या खडखडीशिवाय काही नाही. मग पाथरीकडच्या एकाचा आवाज आला, "सर, त्या फ्रान्सच्या पोरायला मागून पोरी भेटल्या का?"

सर बराच वेळ गप्प. मग खडू ठेवल्याचा आवाज. "आज इथंच थांबू," म्हणाले. घंटेला अजून पंचवीस मिनिटं होती.

परतीच्या वाटेवर ते मागून एवढंच बोलले, "एवढी पुस्तकं आहेत, पण हे कुणी लिहून ठेवलं नाही बघा."

असे दिवस थोडे. बाकीचे दिवस गमतीचे.

'डिस्टिंक्शन' या १९७९च्या ग्रंथासाठी बोर्द्यूनं १,२१७ फ्रेंच माणसांना आवडीनिवडी विचारल्या होत्या: कोणतं संगीत, कसलं फर्निचर, पाहुण्यांना जेवायला काय. सरांनी ठरवलं, परभणी आवृत्ती काढायची. प्रश्नावली बनवली. आपणास काय आवडते: भीमगीत, भारूड, कव्वाली, नाट्यगीत, डीजे? घरी पाहुणे आल्यास कोणती कपबशी काढता? भिंतीवर कुणाचे फोटो? दोनशे प्रती सायक्लोस्टाइल करून पोरांकरवी गावोगाव वाटल्या. त्या वर्षी पाऊस पार बुडवून गेला होता, हे सरांच्या ध्यानात राहिलं नाही. आपल्याकडं दुष्काळात किंवा अतिवृष्टीत कुणी छापील फॉर्म घेऊन गावात आला की तो एकाच कामासाठी येतो.

महिन्याभरानं फॉर्म परत आले. दोनशे वाटले होते, दोनशे चाळीस आले; चाळीस जणांनी स्वखर्चानं झेरॉक्स काढून भरले होते. प्रत्येकाला टाचलेला सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्डाची नक्कल. 'काय आवडते'च्या पुढं एकानं सगळ्यांवर बरोबरची खूण करून लिहिलं होतं, 'शासन देईल ते.' कपबशीच्या प्रश्नापुढं दुसऱ्यानं: 'पुरात गेली, पंचनामा झाला नाही.' भिंतीवर कुणाचे फोटो, याला तिसऱ्याचं उत्तर: 'भिंत पडली.' पुढं सहा महिने सर बाजारात गेले की कुणी तरी सायकल थांबवून विचारायचं, "सर, यादी लागली का?" सर त्या दिवसांत भाजी आणायला रात्री आठनंतर निघायचे.

पण या सर्वेक्षणानं त्यांना वर्षानुवर्षं पुरेल इतका मजकूर दिला. ते सांगायचे, फ्रेंच माणसाला अर्ज दिला तर तो आवड सांगतो, आपला माणूस नुकसान सांगतो; हा संस्कृतीतला फरक नसेल तर काय आहे? यावर निबंध लिहायचं त्यांच्या मनात होतं. मनात असलेले त्यांचे निबंध मी मोजले होते, एकोणीस.

लिहिलेल्या होत्या त्या फक्त नोंदी. आणि त्या असायच्या कृषी विद्यापीठाच्या 'कृषी दैनंदिनी'त. परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली आलं, तेव्हापासून या गावात कुणाला काही लिहायचं झालं की हाताला लागते ती हीच डायरी. सरांचा मेव्हणा तिथं नोकरीला, दरवर्षी दोन आणून द्यायचा. त्यात महिन्यामहिन्याची शेतीची कामं आणि सल्ला छापलेला. त्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत सर बारीक अक्षरात लिहायचे. म्हणजे तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात आकाशपाळण्याच्या रांगेत कोण कुणामागं उभं असतं याच्या नोंदीखाली उन्हाळी भुईमुगाचं पाणी; दहाव्याच्या विधीतल्या कावळ्याच्या नोंदीशेजारी बियाण्याची बीजप्रक्रिया.

या डायऱ्या पोरं मागून न्यायची, उतरवून घ्यायची. एका चाचणीत प्रश्न होता, 'ऑगबर्नची सांस्कृतिक पश्चायनाची संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.' ऑगबर्न हा अमेरिकन, १९२२ साली त्यानं मांडलं की यंत्रं आणि वस्तू पुढं पळतात, रीतीभाती मागून लंगडत येतात. एका पोरानं उत्तर उत्तम लिहिलं. व्याख्या, उदाहरण, आणि शेवटी: 'प्रादुर्भाव आढळल्यास पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.' पेपर सरांनीच तपासला होता. दहापैकी आठ. समासात लाल शाईनं 'छान'. मी दाखवलं तेव्हा सरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दोन मार्क का कापले मी?"

डायऱ्या ते लोखंडी कपाटात, कुलपात ठेवायचे. यामागं एम. एन. श्रीनिवास होते. संस्कृतीकरण हा शब्द ज्यांनी रूढ केला ते श्रीनिवास, मुंबईला घुर्यांचे विद्यार्थी. १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहून त्यांनी टिपणं केली, पुढं त्यांची कार्डं लावली, आणि १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली. कार्डं जळाली. मग त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवून पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं आणि गाजलं. सर हा प्रसंग रामायणातला असावा तसा सांगायचे. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "त्यांचं जळालं म्हणून पुस्तक तरी झालं," त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुमचं कपाट मी जाळू का?"

वहिनींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महालक्ष्म्यांच्या दिवशी मी त्यांच्याकडं जेवायला असायचो. पहाटेपासून वहिनी आणि त्यांच्या जाऊबाई पुरण, आंबील, सोळा भाज्या, पाटावरच्या राशी यांत बुडालेल्या. सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट टाकून डायरी घेऊन बसलेले. "भाज्या सोळाच का?" त्यांनी विचारलं. "सतरावी तुम्ही निवडून द्या, सतरा करू," आतून उत्तर आलं. सरांनी ते लिहून घेतलं. मग जेवताना त्यांनी मला सांगितलं की सणामागं बायकांचे अदृश्य श्रम असतात, त्यांची नोंद कुठल्याही पोथीत नाही, आणि याकडं कुणाचं लक्ष कसं जात नाही याचं त्यांना नवल वाटतं. हे चालू असताना वहिनी रिकामा गॅस सिलिंडर दारापर्यंत ओढत नेत होत्या. मी उठलो. सर म्हणाले, "बसा हो, त्यांना सवय आहे."

अगदी एवढं जवळचं मात्र त्यांना दिसायचं नाही. लांबचं दिसायचं. पोळ्याला एकदा आम्ही जिंतूर रस्त्यानं येत होतो. एका आखाड्यावर ट्रॅक्टरला झूल, रेडिएटरला बाशिंग, बोनेटवर हळदीकुंकू, आणि मालक पुरणपोळी घेऊन सायलेन्सरपाशी उभा, कारण ट्रॅक्टरचं तोंड नेमकं कुठलं यावर घरात एकमत नव्हतं. सरांनी माझ्या पाठीवर थापटून गाडी थांबवली. "ऑगबर्न!" म्हणाले. मालकाला विचारलं, बैल नसताना ही पूजा का? तो म्हणाला, "बैल इकले म्हनून ट्रॅक्टर पुजायलो. हप्ते थकलेत. उद्या बँकवाल्यानं ट्रॅक्टर वडून नेला तर पुढल्या पोळ्याला बँकवाल्याला बाशिंग बांधीन." सरांनी हेही लिहून घेतलं, खालच्या ओळीत सोयाबीन होतं.

वारीचंही तसंच. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या आणि दिंड्यादिंड्यांतल्या जातीच्या वेगळ्या चुली बघून अस्वस्थ झाल्या, हे वाचून सरांनी शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर परभणी ते गंगाखेड सहभागी निरीक्षण करायचं ठरवलं. निरीक्षण पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. पुढचा सगळा सहभाग. तळपायाला फोड आले, एका अनोळखी म्हातारीनं करंजेल चोळलं आणि सरांनी तिची माहिती घ्यायच्या आधी तिनं सरांची घेतली: गाव, आईबाप, लेकरं किती, पगार किती, बायकोला कशाला घरी ठेवून आलास. गंगाखेडला पोचेपर्यंत तिला सरांविषयी सगळं माहीत होतं. सरांना तिचं नावही माहीत नव्हतं.

आता फेट्याचं.

आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि लग्न सव्वादोनला लागतं. मधला काळ माइकचा. "आपल्या या मंडपात पंचायत समितीचे माजी सभापती यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी सत्कारासाठी मंचावर यावं..." मग चेअरमन, व्हाइस चेअरमन, सरपंच, भावी सरपंच. आधी टॉवेल-टोपी, मग शाल, त्याच्या वर फेटा. कुणाला कितवा पुकारला, कुणाला टोपीवर भागवलं, यावरून दोन-दोन वर्षं अबोला चालतो. हा सरांचा लाडका विषय. मानसन्मान हेही चलन आहे, ते छापणारी टांकसाळ म्हणजे माइकवाला, असं ते शिकवायचे. एका लग्नात त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं: सत्कार सत्तेचाळीस मिनिटं, लग्न अकरा.

गंगाखेडला आमच्या एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो, तिसऱ्या रांगेत बसलो. सरांनी डायरी काढली. नावं सुरू झाली. सर भराभर लिहीत होते. साखर कारखान्याचे संचालक झाले, सोसायटीचे झाले, मग 'शिक्षणक्षेत्रातले मान्यवर' सुरू झाले. सरांचं पेन थांबलं. त्यांनी डायरी मिटली, शर्टाची कॉलर नीट केली. एका हायस्कूलचे हेडमास्तर झाले. केंद्रप्रमुख झाले. कॉलेजातले आमचे लायब्ररियन झाले! त्यांना फेटा. मग माइकवाला म्हणाला, "वेळेअभावी काही नावं राहिली असतील तर क्षमा असावी, आता मंगलाष्टका."

सर पंगतीला बसले नाहीत. "पोट बरं नाही," म्हणाले. पोखर्णीच्या फाट्यापर्यंत मागून एक शब्द नाही. फाट्यावर चहाला थांबलो. "मला काही फरक पडत नाही," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "निरीक्षकाला स्टेजवर जायचंच नसतं." चहा निम्मा झाल्यावर: "पण लायब्ररियन?" सबंध उन्हाळा त्यांनी लग्नाच्या पत्रिका उघडून पाहिल्या नाहीत.

पूर्णेकडच्या पोरीचं, म्हणजे आजीच्या व्याख्येवाल्या पोरीच्या मैत्रिणीचं लग्न निघालं तेव्हा मात्र जावंच लागलं. सगळा वर्ग येणार होता. मंडपात जाताच मी पोरीच्या भावाला बाजूला घेऊन म्हटलं, सरांचं नाव तेवढं पुकारायला सांग. पोरगं गुणी. म्हणालं, "चिठ्ठीच देतो वो सर." त्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'सोशॉलॉजीचे सर', पुढं आडनाव, आणि माइकवाल्याच्या हातात दिलं. माइकवाल्याच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ वेळेवर लागला नाही.

"आपल्या मंडपात," माइक कडाडला, "सोसायटीचे चेअरमन..." आणि पुढं आमच्या सरांचं आडनाव. "यांनी फेटा स्वीकारण्यासाठी मंचावर यावं!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मंडपाच्या झालरीकडं पाहिलं. गावच्या सोसायटीचे खरे चेअरमन बहुधा आले नव्हते, किंवा आले असतील तर गोंधळून खुर्चीतच राहिले असतील. माइकवाल्यानं पुन्हा पुकारलं, "चेअरमन साहेब, लवकर यावं, मुहूर्त चाललाय." मागच्या रांगेतून आमच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. सर उठले. मला वाटलं, जाऊन चूक सांगतील. हा मनुष्य चुकीच्या तळटिपा दुरुस्त करत आलेला. मंचावर गेले, मान किंचित पुढं केली, आणि एका काकांनी त्यांच्या डोक्यावर केशरी फेटा बांधला, तुरा चांगला वीतभर वर काढून. सरांनी दोन्ही हात जोडून तिन्ही बाजूंना नमस्कार केला. तिन्ही बाजूंना. आमदार करतात तसा.

पंगतीत आम्ही शेजारी. पत्रावळीवर बुंदी, वांग्याची भाजी, येसराची आमटी. सर फेट्यातच जेवत होते, मान वाकवता येत नव्हती म्हणून घास ताठ बसून वर न्यावा लागत होता. आमटी वाढायला आलेल्यानंही "चेअरमनसाहेबाला अजून घाला" म्हणून वाटी भरली. सरांच्या पलीकडं एक म्हातारबाबा होते, अंगात बंडी, दात दोनच. त्यांनी बराच वेळ फेट्याकडं पाहिलं. मग पत्रावळीवरचा हात तसाच ठेवून, आवाज खाली आणून विचारलं, "चेअरमन साहेब, औंदा पीककर्जाचं वाटप कवा हाय वो?"

मी आमटीच्या वाटीत बघत राहिलो. सरांनी घास गिळला, डाव्या हातानं तुरा चाचपून पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात."